पाण्याच्या वाफेच्या फायरप्लेसची ज्योत सारखी का बसते?

ही शोभेची फायरप्लेस आणली तेव्हा ज्योत चांगली वीतभर होती. महिन्याभरात चार बोटांवर आली. मग एके संध्याकाळी बघतो तर लाकडांच्या फटीत बोटभर काहीतरी भगवं हलतंय आणि बाकी नुसता उजेड. आतली धुकं तयार करणारी चकती साफ केली, ज्योत पुन्हा उभी राहिली. काही आठवड्यांनी येरे माझ्या मागल्या.

माझ्याकडे असं तीनदा झालं आणि तिन्ही वेळा मी तोच उपाय केला. पहिल्यांदा लागू पडला, दुसऱ्यांदा अर्धवट, तिसऱ्यांदा अजिबात नाही. नंतर लक्षात आलं की तक्रार एक असली तरी बिघाड तीन निराळे होते. ते ओळखायचे कसे, हे ज्यांची ज्योत सध्या रुसून बसली आहे त्यांच्यासाठी लिहितोय.

आधी एक गोष्ट. वाफेची म्हणतात खरी, पण यात वाफ नसतेच. खाली एका उथळ तबकात पाणी असतं, त्याच्या तळाला सिरॅमिकची एक छोटी चकती बसवलेली असते. तिलाच ट्रान्सड्यूसर म्हणतात. मोठ्या यंत्रात अशा चार-सहा चकत्या ओळीने असतात. यातल्या बऱ्याच चकत्या १.७ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला सतरा लाख वेळा थरथरणाऱ्या. त्या थरथरीने पाण्याच्या पृष्ठभागावरून बारीक थेंब सुटतात, साधारण ३ मायक्रॉनचे. आपला केस त्यापेक्षा वीसपट तरी जाड. हे थेंब म्हणजे थंड धुकं. पंखा ते फटीतून वर ढकलतो आणि खालचे दिवे त्याला रंग देतात.

या आकाराचे थेंब सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून धुक्याला स्वतःचा रंग नसतो. जिथवर दिव्याचा झोत पोचतो तिथवर ते ज्योत दिसतं, त्याच्या वर धूर. म्हणजे ज्योत बिघडली असं आपण म्हणतो तेव्हा धुकं कमी पडलेलं असतं, नाहीतर वारा चुकलेला असतो, नाहीतर उजेड मंदावलेला असतो. यातलं नक्की काय, ते स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी ठरवायला हवं.

टाकीचा हिशोब

त्यासाठी माझी पद्धत एकदम घरगुती आहे. तबकाला पाणी पुरवणाऱ्या टाकीवर उभी कागदी चिकटपट्टी लावायची. यंत्र सुरू करून दहा मिनिटं जाऊ द्यायची, म्हणजे तबक भरून स्थिर होतं. मग पट्टीवर पाण्याच्या पातळीची रेघ मारायची, ज्योत सर्वात मोठ्या सेटिंगवर ठेवायची आणि बरोबर एक तासाने दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर म्हणजे तासाभराचं धुकं. टाकी अपारदर्शक असेल तर ती आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, १ ग्रॅम म्हणजे १ मिलिलिटर. थेट नळाला जोडलेल्या यंत्रांना हे जमत नाही. तिथे कारंजं बघून ठरवावं लागतं, ते पुढे येतंच.

हा आकडा यंत्र ठणठणीत असताना एकदा काढून मागच्या बाजूला लिहून ठेवायचा. काढला नसेल तर यावेळच्या साफसफाईनंतर काढा. पुढच्या खेपेला ज्योत बसली की पुन्हा मोजायचं.

पाणी आधीपेक्षा कमी खर्च होत असेल तर धुकंच कमी तयार होतंय. पाणी पूर्वीइतकंच जातंय आणि ज्योत मात्र फिकी किंवा वाकडी आहे, तर चकतीला हात लावू नका, दोष उजेडात किंवा वाऱ्यात आहे. आणि पाणी आधीपेक्षा जास्त उतरतंय पण ज्योत नाही, असं दिसलं तर ते पाणी धुक्यात न जाता दुसरीकडेच चाललंय. माझी तिसरी वेळ हीच होती.

पाणी कमी खर्च होतंय

सर्वात आधी क्षार. साधं नळाचं पाणी वापरत असाल तर दुसरीकडे बघायचीही गरज नाही. यंत्र बंद करा, प्लग काढा, तबक बाहेर घेऊन टॉर्चचा उजेड तिरका पाडून चकती बघा. चांगली चकती आरशासारखी चमकते किंवा एकसारखी करडी दिसते. क्षार धरलेल्या चकतीवर मधोमध पांढुरका गोल डाग असतो आणि बोटाला खरखरीत लागतो. हा थर कागदाइतका असला तरी पुरतो, कारण पाण्यात या लहरीची लांबीच मुळी एक मिलिमीटरपेक्षा कमी आहे.

काढायला खाण्याचं पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मंनिम्मं, किंवा अर्ध्या लिटर कोमट पाण्यात चमचाभर सायट्रिक ॲसिड. चकती बुडेल इतकंच ओतायचं. बारीक बुडबुडे येऊ लागले की समजा क्षार विरघळतोय. वीस मिनिटांनी मऊ ब्रशने किंवा इअरबडने हलकं फिरवायचं, दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुवायचं. डाग पूर्ण गेला नसेल तर परत भिजत घाला, पण ब्लेड, तारेची घासणी, नखं यातलं काही वापरू नका. ओरखडा पडला की चकती गेलीच म्हणायची. व्हिनेगर वापरताना आसपास ब्लीच नको; दोन्ही एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

आणि हो, चालू चकतीला बोट लावून बघायचा मोह आवरा. पाण्यात नुसती थरथर दिसते, पण बोटाला सुई टोचल्यासारखा चटका बसतो. मला माहीत आहे, कारण मी लावलंय.

चकती स्वच्छ आहे तरी धुकं कमी? मग पाण्याची खोली बघा. चकतीवर पाणी फार कमी असलं तर ती तापून जळते आणि फार जास्त असलं तर लहरीचा जोर वरपर्यंत पोचत नाही. बहुतेक चकत्यांना अडीच ते चार सेंटिमीटरच्या आसपास पाणी मानवतं. तुमच्या तबकात रेघ असेल तर ती प्रमाण माना. वरची जाळी काढून कडेने टॉर्च मारला तर फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. ठणठणीत चकतीवर पाण्याचं छोटं टोकदार कारंजं उडतं आणि त्याच्या अंगावरून धुकं सोलून निघाल्यासारखं सुटतं. खोली चुकली असेल किंवा चकती थकली असेल तर नुसता पाण्याचा फुगवटा दिसतो, वर टोक नाही आणि धुकंही नाही. कारंजं किंचित तिरकं उडत असेल तर घाबरू नका. वर गेलेलं पाणी परत त्याच जागी पडू नये म्हणून बऱ्याच चकत्या मुद्दाम तिरप्या बसवलेल्या असतात. जाळी काढल्यावर यंत्र आपोआप बंद होत असेल तर तो सुरक्षेचा स्विच आहे, त्याला फसवून चालू ठेवण्याच्या भानगडीत पडू नका.

बाकी किरकोळ कारणं. पाणी उंचावरून धबाधबा ओतलं की चकतीवर हवेचे बुडबुडे चिकटून बसतात. तबक हलकेच हलवलं की निघतात. पाणी फार गार असलं तरी धुकं कमी होतं. १० अंशांवरचं पाणी ३० अंशांवरच्या पाण्यापेक्षा दीडपटीहून अधिक चिकट, म्हणजे वाहायला जड असतं. म्हणून ते आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावं. तबक भांड्यांच्या साबणाने धुतलं आणि नीट खळबळून घेतलं नाही, तर वर फेस धरतो आणि त्या फेसाखाली कारंजं दबून जातं. छान वास यावा म्हणून पाण्यात सुगंधी तेल टाकणाऱ्यांना मी हात जोडतो. तेलाचा तवंग धुकं मारतो आणि प्लास्टिक व रबरी वायसर खराब करतो.

फ्लोटही, म्हणजे पाण्याची पातळी सांगणारा तरंगता तुकडाही, एकदा तपासा. तो वरखाली सरकायला हवा. कडेला क्षार धरून खालीच अडकला की यंत्राला वाटतं पाणी संपलं, आणि चकती सुरूच होत नाही. दिवे लागतात, पंखा फिरतो, धुक्याचा मात्र पत्ता नाही. काही यंत्रांत फ्लोटऐवजी पाण्यात बुडणाऱ्या दोन पिना असतात. तिथे गंमत अशी की पूर्ण शुद्ध डिस्टिल्ड पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, त्यामुळे टाकी काठोकाठ भरलेली असून यंत्र 'पाणी नाही' म्हणत राहतं. अशा यंत्राच्या पुस्तिकेत कोणतं पाणी चालतं ते दिलेलं असतं, तेच वापरा.

कोणतं पाणी

पहिल्या दुरुस्तीनंतर मी हुशारी केली. घरात पाणी मऊ करणारा सॉफ्टनर होताच, त्याचं पाणी भरायला लागलो. चकती खरंच स्वच्छ राहिली. तरीही दोनेक महिन्यांत ज्योत फिकी पडली. पाण्याचा हिशोब मात्र जिथल्या तिथे.

झालं असं, की सॉफ्टनर क्षार काढून टाकत नाही, बदलून देतो. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेतो, त्या जागी सोडियम सोडतो. दगडासारखा थर जमत नाही, पण पाण्यात विरघळलेलं जे काही आहे ते तसंच राहतं. पाणी उकळलं की क्षार भांड्यात मागे उरतात, वाफ शुद्ध जाते. इथे उकळणं नाही, थेंबच्या थेंब उडतो आणि आपल्या पोटातला क्षार बरोबर घेऊन जातो. थेंब हवेत सुकला की पांढरी पूड उरते. ती फर्निचरवर बसते, टीव्हीच्या पडद्यावर बसते आणि सगळ्यात आधी दिव्यांच्या काचेवर बसते, कारण ती धुक्याच्या वाटेतच आहे.

म्हणून पाणी डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड. आरओचं पाणीही चालतं, फक्त फिल्टर थकलेला नसावा. टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, आकडा जितका खाली तितकी पूड कमी. उकळून गार केलेलं पाणी हा उपाय नाही, उकळल्याने थोडाच क्षार खाली बसतो. बाटलीबंद मिनरल वॉटर नावातच काय ते सांगतं. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी क्षारमुक्त असतं हे खरं, पण ते धुळीने भरलेल्या कॉइलवरून येतं. त्याचे थेंब करून घरभर उडवायचे आणि तेच श्वासातून आत घ्यायचे, हे मला तरी पटत नाही.

हा मुद्दा ज्योतीपुरता नाही. तबकात साचून कोमट झालेल्या पाण्यात लेजिओनेला जिवाणू वाढू शकतो आणि त्याला माणसाच्या फुप्फुसात शिरायला असेच बारीक थेंब लागतात. अमेरिकेत लुईझियाना राज्यात १९८९ साली एका किराणा दुकानातल्या भाज्यांवर धुकं सोडणाऱ्या अल्ट्रासॉनिक यंत्रातून लेजिओनेअर्स आजाराची, म्हणजे याच जिवाणूमुळे होणाऱ्या न्यूमोनियाची, साथ पसरली होती. तत्त्व अगदी हेच. तेव्हा जुन्या पाण्यात नवी भर घालत बसू नका. आठवड्याला टाकी आणि तबक दोन्ही रिकामी करा. चार दिवस बाहेर जाणार असाल तर कोरडी पुसून ठेवा. आंबूस वास यायला लागलाच तर ज्योत कशी दिसते हा प्रश्न मागे ठेवून आधी सगळं धुवून काढा.

पाणी तेवढंच, पण ज्योत फिकी

दिव्यांवरची काच पुसा. माझ्या दुसऱ्या वेळचा बिघाड एवढाच होता. ओलसर मायक्रोफायबर कापडाने पुसलं तर कापड पिठात बुडवल्यासारखं पांढरं झालं आणि भगवा रंग परत आला. पुसण्याआधी प्लग काढा आणि जुन्या यंत्रात हॅलोजनचे दिवे असतील तर ते पूर्ण गार होऊ द्या, शिवाय नवा हॅलोजन बसवताना उघड्या बोटांनी धरू नका.

एखादा दिवा किंवा एलईडीच्या पट्टीचा तुकडा गेला असेल तर ज्योतीच्या ओळीत तेवढ्याच जागी राखाडी धूर दिसतो. धुकं तिथे असतं, रंग नसतो. धुकंच नसेल तर तिथे मागचं लाकूड स्पष्ट दिसतं. या दोन्हींत गल्लत करून लोक चांगली चकती बदलतात.

सगळीकडेच धूर धूर दिसत असेल तर बहुधा सेटिंग गरजेपेक्षा मोठं आहे. धुकं उजेडाच्या टप्प्याबाहेर जातं आणि वरचा भाग पांढरा पडतो. सेटिंग दोन पायऱ्या खाली आणलं की ज्योत बुटकी पण खरी वाटते. खोलीतले इतर दिवे आणि दिवसाचं ऊनही हाच परिणाम करतात. भर दुपारी खिडकीसमोर ज्योत जोरदार दिसावी ही अपेक्षाच चुकीची.

ज्योत झुकते, तुटते, खाली सांडते

धुकं वर न जाता लाकडांवरून खाली ओघळत असेल तर पंखा बंद पडलाय किंवा त्याच्या तोंडाची जाळी धुळीने भरलीय. थंड धुकं जड असतं, पंख्याने ढकललं नाही तर ते जमिनीकडेच जाणार. जाळी बहुतेक यंत्रांत मागे किंवा खाली असते, काढून नळाखाली धुवायची आणि पूर्ण वाळल्यावरच बसवायची. यंत्र कपाटात किंवा भिंतीत बसवलं असेल तर खालून हवा आत यायला सुताराने जागा ठेवली आहे ना, तेही बघा. अनेकदा सजावटीच्या नादात नेमकी तीच फट बंद होते.

ज्योत एका बाजूला झुकत असेल तर खोलीतला वारा शोधा. उदबत्ती पेटवून फायरप्लेसच्या तोंडाशी धरा, धूर कुठे ओढला जातो ते लगेच दिसेल. छताचा पंखा, एसीचा झोत, दाराखालची फट हे नेहमीचे आरोपी. दर काही सेकंदांनी ज्योत लवून परत उभी राहत असेल तर एसीची हलणारी पाती बघा. जुन्या धुराड्यात यंत्र बसवलेलं असेल तर धुराड्याचं झाकण बंदच हवं, नाहीतर ते धुकं वर ओढून घेतं किंवा वरची हवा खाली लोटतं. हीटर लावल्यावर ज्योत खचते ही तक्रारही याच घरातली. गरम कोरड्या हवेत थेंब क्षणार्धात उडून जातात. त्याच कारणाने कोरड्या हवेत ज्योत आखूड आणि दमट हवेत उंच, धुरकट दिसते. ऋतू बदलला की एवढा फरक पडणारच, तो बिघाड धरू नका.

ओळीतली एक बाजू कायम बुटकी असेल तर यंत्राच्या तबकावर पाणसळ ठेवा. लांब यंत्रात एक टोक चार-पाच मिलिमीटर वर असलं तरी तिकडच्या चकत्यांवरचं पाणी कमी पडतं. पायाखाली पातळ पट्टी सारली की काम होतं. पातळी बरोबर असूनही तीच बाजू मागे राहत असेल तर लाकडांचे तुकडे किंवा खडे फटीवर सरकलेत का बघा. सफाईनंतर ते परत रचताना हे हमखास होतं.

टाकी रिकामी होते, ज्योत मात्र नाही

आता माझी तिसरी वेळ. डिस्टिल्ड पाणी, चकती लखलखीत, काच पुसलेली, आणि तरीही सुरू केल्यावर पाच मिनिटं ज्योत झकास, मग हळूहळू खाली. टाकीचं पाणी मात्र नेहमीच्या दीडपट वेगाने उतरत होतं. गळून जमीन ओली झाली असती तर कळलं असतं, पण सगळं कोरडं.

उलटी टाकी असलेल्या यंत्रांत पाणी कसं उतरतं ते आठवा. तबकातली पातळी खाली गेली की टाकीच्या तोंडातून एक बुडबुडा आत जातो, 'गुडगुड' आवाज होतो आणि तेवढंच पाणी बाहेर येतं. टाकीत वरून हवा शिरत नाही, यावरच सगळी मदार. माझ्या टाकीच्या भरण्याच्या झाकणाचं वायसर कडक होऊन एका जागी चिरलं होतं. तिथून हवा आत जात राहिली आणि पाणी न थांबता तबकात उतरत गेलं. चकतीवरची खोली वाढली, कारंज्याचा फुगवटा झाला आणि ज्योत बसली. बंद करून तासाभराने बघेपर्यंत जास्तीचं पाणी कडेच्या खाचेत निघून गेलेलं असायचं, म्हणून तबक उघडल्यावर सगळं ठाकठीक दिसायचं.

ओळखायची खूण ऐकू येते. नीट टाकीचा गुडगुड आवाज अधूनमधून येतो. वायसर गेलेल्या टाकीतून आवाजच येत नाही, पाणी मुकाट्याने उतरतं. टाकी सिंकवर उलटी धरून तोंडाची झडप बोटाने दाबली तर पाणी काही क्षण वाहून थबकायला हवं आणि मग गचके देत यायला हवं. सरळ धार लागली तर हवा कुठून तरी शिरतेय. वायसर बदलणं हे पाच मिनिटांचं काम. मला तिथवर पोचायला तीन रविवार लागले.

हे सगळं करूनही कारंजं उडतच नसेल तर चकती संपली. ती काही हजार तास चालणारी खपाची वस्तू आहे, आणि पाण्याशिवाय चालली तर मिनिटभरातही जाते. नवी घेताना व्यास आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही जुळवा. १.७ च्या सर्किटवर २.४ मेगाहर्ट्झची चकती बसते, पण चालत नाही. रबरी कडं नवंच घाला, चकतीची चकचकीत बाजू पाण्याकडे, आणि प्लग लावण्याआधी तबकात पाणी भरून पंधरा मिनिटं खाली कोरडा कागद ठेवा. कागद कोरडा राहिला तरच वीज.